नग आणि वजन : इंग्रजी नामांचे दोन वापर

इंग्रजीत नाम दोन रीतींनी वापरले जाते. बॉक्स, ट्रक, ड्रायव्हर ही नामे सुट्या, एकेक करून मोजता येणाऱ्या गोष्टी सांगतात. सँड, ऑइल, इन्फर्मेशन ही नामे सलग पदार्थ किंवा कल्पना सांगतात. त्यांचे माप घेता येते, पण त्यांना एक, दोन, तीन असे आकडे लावता येत नाहीत. पहिल्या वापराला गणनीय आणि दुसऱ्याला अगणनीय म्हणतात. मराठीलाही हा भेद परका नाही. शालेय व्याकरणात सोने, दूध, कापड यांना पदार्थवाचक नामे म्हणतात, ती याच कारणाने. मात्र मराठीत हा भेद बहुतेक अर्थापुरता राहतो. इंग्रजीत तो साऱ्या वाक्यात उतरतो. नामाआधी ‘अ’ येणार का, नामाला ‘एस’ लागणार का, ‘मेनी’ म्हणायचे की ‘मच’, क्रियापद ‘इज’ की ‘आर’, हे सगळे त्यावर ठरते.

ठाण्याच्या बाळकुमहून खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातले कशेळी लागते. तिथून पुढे काल्हेर, पूर्णा आणि आसपासच्या गावांत गोदामांचा मोठा पट्टा आहे. या पट्ट्यात बोलणे मराठी-हिंदीत चालते. चलन, बिल्टी, पॅकिंग लिस्ट, ई-वे बिल यांवरची नामे मात्र बहुतेक इंग्रजी असतात. गुड्स, स्टॉक, मटेरियल, मशिनरी, फर्निचर, यार्न, क्लॉथ, स्क्रॅप, डॅमेज हे शब्द इथे दिवसभर लिहिले जातात. त्यामुळे गणनीय-अगणनीय हा भेद इथे परीक्षेपुरता उरत नाही. कागदावर ‘टेन फर्निचर’ एवढेच लिहिले, तर आले काय ते कळत नाही. दहा खुर्च्या, दहा कपाटे की सुटे भाग भरलेली दहा खोकी, हे उतरवून घेणाऱ्याला विचारावेच लागते.

एकाच मालाच्या दोन नोंदी

वाहतूकदाराच्या बिल्टीवर साधारणपणे दोन रकाने असतात. एकात नगांची संख्या, दुसऱ्यात वजन. ५० किलोची ५० पोती साखर आली, तर पहिल्या रकान्यात ५० आणि दुसऱ्यात २,५०० किलो अशी नोंद होते. माल तोच, मोजायच्या रीती दोन. इंग्रजी वाक्यातही हेच घडते. ‘फिफ्टी बॅग्ज ऑफ शुगर’ या शब्दसमूहात बॅग हे गणनीय नाम आहे, म्हणून ते अनेकवचनी झाले. शुगर अगणनीय आहे, म्हणून ते पोती कितीही वाढली तरी तसेच राहिले. संख्या पोत्याला लागते, साखरेला लागत नाही.

जीएसटीच्या कागदांवर मालाच्या परिमाणासाठी ठरावीक संक्षेप वापरावे लागतात. त्या यादीतही या दोन रीती शेजारी शेजारी दिसतात. एनओएस म्हणजे संख्या, पीसीएस म्हणजे नग, पीआरएस म्हणजे जोड्या, डीओझेड म्हणजे डझन. हे मोजायच्या वस्तूंसाठी. केजीएस म्हणजे किलो, एमटीआर म्हणजे मीटर, टीओएन म्हणजे टन. हे मापायच्या पदार्थांसाठी. मधल्या गटात बीएजी, बीओएक्स, बीएएल, आरओएल, डीआरएम, म्हणजे पोते, खोके, गासडी, गुंडाळी आणि पिंप. हा मधला गट व्याकरणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पदार्थ स्वतः अगणनीय असला, तरी तो ज्यात भरला किंवा गुंडाळला आहे ते गणनीय असते, आणि मोजणी त्याच्या आधारे होते.

बंद पाकिटावर ग्राहकासाठी छापलेल्या मजकुरातही हेच दिसते. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार पाकिटावर निव्वळ परिमाण वजनात, मापात किंवा संख्येत द्यावे लागते. बिस्किटांच्या पुड्यावर ग्रॅम, तेलाच्या बाटलीवर मिलिलिटर आणि सुट्या वस्तूच्या खोक्यावर ‘१ एन’ असे छापलेले दिसते. हा ‘एन’ म्हणजे नंबर, अर्थात नग.

बांधकामाच्या रेतीचे उदाहरणही असेच आहे. रेतीचे कण डोळ्यांना सुटे दिसतात, तरी ते कोणी मोजत नाही. महाराष्ट्रात रेती ब्रासने मापतात आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणून ‘टू ब्रास ऑफ सँड’ हे बरोबर आणि ‘टू सँड्स’ हे चूक. ‘सँड्स’ हा शब्द इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ वाळूचा विस्तीर्ण प्रदेश असा होतो.

वाक्यात काय बदलते

गणनीय नामाचे एकवचन इंग्रजीत सहसा एकटे उभे राहत नाही. त्याच्याआधी ‘अ’, ‘ॲन’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ असा काहीतरी शब्द लागतो. मराठीत ‘ट्रक आला’ हे पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत ‘अ ट्रक’ की ‘द ट्रक’ हे सांगावेच लागते. अगणनीय नाम मात्र एकटे चालते: ‘ऑइल इज लीकिंग’, ‘वॉटर हॅज एंटर्ड द गोडाऊन’. त्याला ‘अ’ लागत नाही, अनेकवचन होत नाही आणि क्रियापद एकवचनी येते.

प्रमाण सांगणारे शब्दही वाटले गेले आहेत. गणनीय अनेकवचनाबरोबर मेनी, फ्यू, अ फ्यू, सेव्हरल, अ नंबर ऑफ येतात. अगणनीय नामाबरोबर मच, लिटल, अ लिटल, ॲन अमाउंट ऑफ येतात. सम, एनी, अ लॉट ऑफ, प्लेंटी ऑफ, इनफ हे शब्द दोन्हीकडे चालतात, म्हणून खात्री नसताना त्यांचा आधार घेणे सुरक्षित. फ्यू आणि अ फ्यू यांतला फरक लहानशा ‘अ’वर उभा आहे. ‘अ फ्यू बॉक्सेस आर लेफ्ट’ म्हणजे काही खोकी शिल्लक आहेत, काम भागेल. ‘फ्यू बॉक्सेस आर लेफ्ट’ म्हणजे फारशी उरली नाहीत. लिटल आणि अ लिटल यांतही तोच फरक आहे.

‘कमी’ या अर्थाचे दोन शब्दही असेच वेगळे होतात. सुट्या वस्तूंसाठी फ्यूअर, सलग पदार्थासाठी लेस. पण ‘लेस दॅन फिफ्टी किलोज’ हे बरोबरच आहे. तिथे पन्नास वेगवेगळे किलो मनात नसतात, एकच वजन असते. याच कारणाने रक्कम, अंतर आणि वेळ यांच्याबरोबरही ‘लेस’ येते आणि क्रियापद बहुधा एकवचनी असते.

मराठीभाषकाची अडचण कुठे होते

मराठीत ‘किती पोती?’ आणि ‘किती पाणी?’ या दोन्ही प्रश्नांत ‘किती’ एकच आहे. ‘खूप’ आणि ‘पुष्कळ’ही दोन्हीकडे चालतात. ‘थोडा, थोडी, थोडे’ ही रूपे लिंगवचनाप्रमाणे बदलतात, पण मोजायची वस्तू आणि मापायचा पदार्थ असा फरक करत नाहीत. त्यामुळे हाऊ मेनी आणि हाऊ मच यांतली निवड मराठी मनाला आपोआप सुचत नाही.

दुसरी अडचण अनेकवचनाची. मराठीत अकारान्त पुल्लिंगी नामांचे रूप दोन्ही वचनांत सारखे राहते: एक नग, दोन नग, एक दगड, दहा दगड. इंग्रजीतून आलेले शब्दही याच वळणावर जातात: एक ट्रक, चार ट्रक, एक बॉक्स, वीस बॉक्स. या सवयीमुळे इंग्रजीत ‘फोर ट्रक’ लिहिले जाते आणि हवा असलेला ‘एस’ गळतो. अनेकवचनाला ‘एस’ लागतो हे शिकल्यावर उलट चूक सुरू होते. एकाहून अधिक काही दिसले की ‘एस’ लावला जातो, आणि इक्विपमेंट्स, लगेजेस, फर्निचर्स, इन्फर्मेशन्स, स्टेशनरीज ही रूपे तयार होतात. या चुका अडाणीपणाच्या नाहीत. नियम समजून घेऊन तो सर्वत्र लावण्याचा तो प्रयत्न आहे, आणि भारतातच नव्हे, तर आशिया-आफ्रिकेतल्या इतर देशांच्या इंग्रजीतही ही रूपे आढळतात. फ्रेंचमध्ये फर्निचर, बॅगेज, इन्फर्मेशन यांच्या जोडीचे शब्द सर्रास अनेकवचनी वापरले जातात. म्हणजे या गोष्टी मुळातच न मोजण्याजोग्या आहेत असे नाही. इंग्रजीने त्यांना तसे ठरवले आहे.

इथे मराठीची मदत होऊ शकते, पण सर्व ठिकाणी नाही. मराठीत ‘एक सामान, दोन सामाने’ असे कोणी म्हणत नाही. माहिती, फर्निचर, कचरा, वाहतूक, गवत, धूळ यांनाही सहसा आकडा लागत नाही. या शब्दांच्या बाबतीत मराठी कान विश्वासाचा. इंग्रजीत लगेज, इन्फर्मेशन, फर्निचर, गार्बेज, ट्रॅफिक, ग्रास, डस्ट ही नामे तशीच अगणनीय आहेत. माहितीला ‘माहित्या’ म्हणत नाहीत हे आठवले, तर ‘इन्फर्मेशन्स’ही लिहिले जाणार नाही.

फसगत होते ती दुसऱ्या यादीत. मराठीत बातम्या, सल्ले, पुरावे, दागिने, भांडी, यंत्रे, पैसे, पाव आणि केस मोजता येतात. इंग्रजीत न्यूज, ॲडव्हाइस, एव्हिडन्स, ज्वेलरी, क्रॉकरी, मशिनरी, मनी आणि ब्रेड अगणनीय आहेत. डोक्यावरचे केस या अर्थी हेअरही तसेच. दोन दागिने म्हणजे ‘टू ज्वेलरीज’ नव्हे, ‘टू पीसेस ऑफ ज्वेलरी’ किंवा ‘टू ऑर्नामेंट्स’. न्यूजच्या शेवटी ‘एस’ असला तरी ते एकवचनी आहे: ‘द न्यूज इज गुड’. ही दुसरी यादी लहान आहे आणि ती पाठच करावी लागते.

धान्यांचे वचन तर दोन्ही भाषांत रूढीवरच चालते. मराठीत ‘तांदूळ धुतले’, ‘पोहे भिजवले’ असे अनेकवचन येते, पण ‘साबुदाणा भिजवला’, ‘डाळ धुतली’ असे एकवचन येते. इंग्रजीत राइस आणि व्हीट एकवचनी अगणनीय आहेत, तर ओट्स अनेकवचनी आहे. गहू आणि ओट यांच्या दाण्यांत असा कोणताही फरक नाही, ज्यामुळे एकाला ‘इज’ आणि दुसऱ्याला ‘आर’ लागावे. वचन वस्तूत नसते, भाषेच्या रूढीत असते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

सुट्या वस्तूंचे सलग नाम

पाणी, तेल, वाळू अगणनीय का, हे समजते. फर्निचरमध्ये मात्र खुर्ची, टेबल, कपाट असे सुटे नग स्पष्ट दिसतात. तरीही ते अगणनीय का? इक्विपमेंट, मशिनरी, लगेज, ज्वेलरी, स्टेशनरी, कटलरी हे शब्द याच जातीचे आहेत. त्यांत वेगवेगळ्या जातींच्या वस्तू एका उपयोगाखाली गोळा होतात. घर मांडायला लागते ते फर्निचर, प्रवासात बरोबर असते ते लगेज. नाव त्या समूहाचे आहे. त्यातल्या एकेका वस्तूला तिचे स्वतःचे नाव आहे आणि ते गणनीय आहे: मशिनरी अगणनीय, मशीन गणनीय. लगेज अगणनीय, बॅग आणि सूटकेस गणनीय.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्नर आणि जेसी स्नेडेकर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या शब्दांची परीक्षा घेतली. एका बाजूला एक-दोन मोठ्या वस्तू आणि दुसऱ्या बाजूला बऱ्याच लहान वस्तू ठेवून ‘जास्त कोणाकडे?’ असे विचारले गेले. टूथपेस्टसारख्या पदार्थाच्या बाबतीत लोकांनी आकारमान पाहिले. फर्निचरच्या बाबतीत, नाम अगणनीय असूनही, संख्या पाहिली. स्टोनसारखा दोन्हीकडे चालणारा शब्द एकवचनात विचारला तेव्हा आकारमान आणि अनेकवचनात विचारला तेव्हा संख्या महत्त्वाची ठरली. म्हणजे फर्निचर म्हणणाऱ्याच्या मनात सुटे नग असतातच. व्याकरण त्यांना आकडा लावू देत नाही एवढेच.

म्हणून अशा नामांच्या नोंदीत मोजणीचा शब्द लागतो. पीस, आयटम, आर्टिकल, युनिट, सेट हे त्यातले सर्वांत उपयोगी. मराठी व्यापारातला ‘नग’ हेच काम करतो: ‘सामानाचे बारा नग’ आणि ‘ट्वेल्व्ह पीसेस ऑफ लगेज’ यांची बांधणी एकच आहे.

नाम एक, वापर दोन

शब्दकोशात नामे गणनीय किंवा अगणनीय म्हणून दाखवलेली असली, तरी पुष्कळ नामे दोन्ही रीतींनी वापरली जातात आणि वापराप्रमाणे अर्थ बदलतो. म्हणून गणनीय शब्द आणि अगणनीय शब्द असे म्हणण्यापेक्षा गणनीय वापर आणि अगणनीय वापर म्हणणे अधिक नेमके.

भिवंडी यंत्रमागाचे गाव असल्यामुळे कापडाचे उदाहरण इथे सहज समजते. मागावरून उतरलेले कापड म्हणजे क्लॉथ, अगणनीय. ते मीटरने मापायचे किंवा ताग्यांनी मोजायचे. ‘अ क्लॉथ’ म्हणजे फडके, पुसायचा एक तुकडा. हा गणनीय वापर. अंगावर घालायचे कपडे म्हणजे क्लोद्झ, आणि तो शब्द नेहमी अनेकवचनी. त्याला आकडा लावता येत नाही. ‘फाइव्ह क्लोद्झ’ ऐवजी ‘फाइव्ह गारमेंट्स’ लिहावे लागते. यार्न म्हणजे सूत, ते किलोने किंवा कोनांनी मोजायचे. पण सुती, पॉलिएस्टर, व्हिस्कोस असे प्रकार सांगायचे असतील, तर ‘डिफरंट यार्न्स’ म्हणता येते.

हा प्रकारवाचक बदल फार नियमित आहे. ऑइल्स, स्टील्स, टीज या शब्दांत अनेकवचन जातींचे असते. दुसरा नियमित बदल वाढपाच्या एककाचा. हॉटेलात ‘दोन चहा’ म्हटले की दोन कप हे न सांगता कळते. इंग्रजीतही ‘टू टीज’, ‘थ्री कॉफीज’ असेच चालते. तिसरा बदल पदार्थाकडून वस्तूकडे होतो. ग्लास म्हणजे काच, अ ग्लास म्हणजे पेला. आयर्न म्हणजे लोखंड, ॲन आयर्न म्हणजे इस्त्री. पेपर म्हणजे कागद, अ पेपर म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका.

चौथा बदल उलट दिशेचा, वस्तूकडून पदार्थाकडे. ‘अ चिकन’ म्हणजे जिवंत कोंबडी, ‘चिकन’ म्हणजे ताटातले मांस. ‘अ फिश’ म्हणजे एक मासा, ‘फिश’ म्हणजे खाण्याचा पदार्थ. तत्त्वज्ञ फ्रान्सिस पेलेटिअर यांनी १९७५ च्या एका लेखात यावर एक कल्पनायंत्र मांडले. ती कल्पना मुळात डेव्हिड लुईस यांची. कोणतीही वस्तू घातली की तिचा चुरा करणारे हे यंत्र आहे. त्यात टेबल घातले, तर जमिनीवर जे पडेल त्याला इंग्रजीत ‘टेबल’ असेच, ‘अ’ न लावता, म्हणता येईल. थोडक्यात, संदर्भ मिळाला की बहुतेक गणनीय नामांचा अगणनीय वापर होऊ शकतो.

भाववाचक नामांतही हे घडते. टाइम म्हणजे वेळ, पण ‘थ्री टाइम्स’ म्हणजे तीन वेळा. एक्सपिरियन्स म्हणजे कामाचा अनुभव, ‘ॲन एक्सपिरियन्स’ म्हणजे एखादा प्रसंग. रूम म्हणजे जागा, ‘अ रूम’ म्हणजे खोली. ‘देअर इज नो रूम इन द गोडाऊन’ याचा अर्थ गोदामात खोली नाही असा नसून जागा शिल्लक नाही असा आहे. वर्क म्हणजे काम, अगणनीय. पण ‘वर्क्स’ म्हणजे बांधकामे किंवा कारखाना. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इंग्रजी नावात ‘वर्क्स’ आहे ते म्हणून.

व्यवहारात सर्वांत जपायचा शब्द डॅमेज. मालाचे नुकसान या अर्थी तो अगणनीय आहे. दोन खोकी फुटली, तर ‘टू डॅमेजेस’ लिहू नये. ‘टू डॅमेज्ड बॉक्सेस’ किंवा ‘डॅमेज टू टू बॉक्सेस’ लिहावे. ‘डॅमेजेस’ म्हणजे कायद्याने मागायची नुकसानभरपाई. एका ‘एस’ने तक्रारीचा दावा होतो. गुड्स हा शब्दही लक्षात ठेवण्यासारखा. माल या अर्थी तो नेहमी अनेकवचनी, क्रियापद ‘आर’, पण त्याला आकडा लागत नाही. ‘टेन गुड्स’ चूक, ‘टेन पॅकेजेस ऑफ गुड्स’ बरोबर. सिझर्स आणि ट्राउझर्स अशा जोडीच्या वस्तूंना ‘अ पेअर ऑफ’ लागते. जीएसटीच्या यादीतला पीआरएस तोच. पीपल आणि पोलीस यांना ‘एस’ नाही, तरी क्रियापद अनेकवचनी येते.

या भेदाचा इतिहास

हा भेद इंग्रजीत जुना असला, तरी शब्दांच्या जागा बदलत आल्या आहेत. वाटाण्याला पूर्वी ‘पीज’ हा शब्द होता आणि तो व्हीटसारखा चालत असे. शेवटचा आवाज अनेकवचनाचा वाटल्याने लोकांनी त्यातून ‘पी’ असे एकवचन काढले, आणि मापायचा वाटाणा मोजायचा झाला.

डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात मोजायच्या नामांपासून सलग पदार्थांची नामे वेगळी काढून त्यांची चर्चा केली आणि त्यांना ‘मास-वर्ड’ म्हटले. शिकणाऱ्याच्या हातात हा भेद दिला तो परभाषकांसाठी तयार झालेल्या कोशांनी. ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोश १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. आजच्या ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीची परंपरा तिथून सुरू होते. अशा कोशांत नामाच्या प्रत्येक अर्थापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ हे अक्षर असते. ‘सी’ गणनीय वापरासाठी, ‘यू’ अगणनीय वापरासाठी. हे अक्षर शब्दाला दिलेले नसून अर्थाला दिलेले असते, म्हणून कोश पाहताना आधी आपल्याला हवा तो अर्थ शोधावा आणि मग त्यापुढचे अक्षर पाहावे.

लिहिताना

एखादे नाम लिहिण्याआधी तीन प्रश्न पुरतात. या अर्थी हे नाम सुटी वस्तू सांगते की सलग पदार्थ, समूह किंवा कल्पना? सुटी वस्तू असेल, तर एकवचनाआधी ‘अ’ किंवा ‘द’ आहे का आणि अनेकवचनाला ‘एस’ आहे का? अगणनीय असेल आणि आकडा सांगायचाच असेल, तर मोजणीचा कोणता शब्द लावायचा? पोते, खोके, गुंडाळी, पिंप, नग यांपैकी योग्य तो शब्द आधी घ्यावा, आकडा त्याला द्यावा आणि मूळ नाम ‘ऑफ’नंतर एकवचनातच ठेवावे. ‘थ्री रोल्स ऑफ क्लॉथ’, ‘सिक्स ड्रम्स ऑफ ऑइल’, ‘टेन पीसेस ऑफ फर्निचर’, ‘अ पीस ऑफ इन्फर्मेशन’ हे सारे शब्दसमूह याच एका साच्यातले आहेत. हा साचा हातात बसला की अगणनीय नामांच्या बहुतेक चुका टळतात, आणि कागद वाचणाऱ्याला माल नेमका किती आहे हे पुन्हा विचारावे लागत नाही.